त्या 222 यार्डांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या (तिकडचं ते हातात चेंडू घेऊन पळायचं फुटबॉल) अ‍ॅश्टन जेंटीवरचा लेख वाचला. क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्या खेळाला आपल्याकडे पाऊण पान मिळालं याबद्दल आधी आभार मानतो. तिकडचा चेंडू लंबगोल असतो, लेखासोबत मात्र गोल चेंडूला लाथ मारणाऱ्या मुलाचं छायाचित्र होतं, त्याबद्दल काही बोलत नाही. घाई असते, पान जायचं असतं, समजू शकतो. पण ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाच्या बॅरी सँडर्सचा, एका मोसमात चेंडू घेऊन सर्वाधिक यार्ड पळण्याचा, 1988 चा विक्रम जेंटीच्या हातून 'अवघ्या 27 यार्डांनी' निसटला असं आपल्या प्रतिनिधींनी लिहिलंय आणि वर हळहळही व्यक्त केलीय. त्या हळहळीने माझा चहा गार झाला.

2,628 मधून 2,601 वजा केले की 27 उरतात. वजाबाकी बरोबर आहे, चौथीतल्या मुलालाही जमेल. अडचण वजाबाकीच्या आधीची आहे. सँडर्सचे 2,628 यार्ड 11 सामन्यांतले. त्या मोसमातला बारावा सामना, वायोमिंगविरुद्धचा हॉलिडे बाउल (बाउल म्हणजे मोसम संपल्यावर निवडक संघांत होणारा मानाचा सामना), त्यात धरलेलाच नाही. कारण त्या काळी एनसीएए, म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची नियामक संस्था, बाउल सामन्यांतली कामगिरी मोसमाच्या हिशेबात घेत नसे. 2002 पासून घ्यायला लागले, पण मागचे हिशेब तसेच ठेवले. त्या हॉलिडे बाउलमध्ये सँडर्सने 222 यार्ड आणि पाच टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) काढले होते. संघ 62-14 ने जिंकला. ते 222 यार्ड कुठल्या खात्यात जमा करायचे, हे आपल्या प्रतिनिधींनी सांगावं.

जेंटीचे 2,601 यार्ड 14 सामन्यांतले. त्यात कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटाची, अंतिम लढत आली आणि पेन स्टेटविरुद्धचा फिएस्टा बाउलही आला. त्या सामन्यात उतरताना त्याला बरोबरीला 131 यार्ड हवे होते, मिळाले 104. पोरगा गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. बॉइसी स्टेटसारख्या विद्यापीठातून हाइझमनच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराच्या, शर्यतीत दुसरा येणं हे खायचं काम नाही. पण एकाचा बाउल धरायचा आणि दुसऱ्याचा सोडायचा, आणि मग 'थोडक्यात हुकला' म्हणून गळा काढायचा, याला काय म्हणावं? दोघांचं सगळं धरलं तर फरक 249 यार्डांचा पडतो, आणि तोही सँडर्सने दोन सामने कमी खेळून. सामन्यागणिक काढा. जेंटी 186 च्या आतबाहेर, सँडर्स 238 च्या. मोजायचं तर नीट मोजा, नाहीतर मोजूच नका.

आता लेखातलं दुसरं वाक्य, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो. सँडर्सची कॉलेजातली पहिली दोन वर्षं 'बाकावर बसून वाया गेली' म्हणे. कोणाच्या मागे तो राखीव होता हे लिहायला मात्र जागा उरली नसावी. थर्मन थॉमस होता पुढे! 1988 मध्ये बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाने घेतलेला, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसलेला थर्मन थॉमस. सँडर्सही त्याच हॉल ऑफ फेममध्ये आहे. एकाच कॉलेजात, एकाच जागेसाठी, एकाच वेळी असे दोघं. तिथे बाकावर बसणं म्हणजे वाया जाणं असेल तर रणजीत राखीव राहिलेल्या निम्म्या मुंबईकरांनी घरी जावं. शिवाय तो बसून नव्हता. 1987 मध्ये किकऑफ (सुरुवातीला लाथ मारून उडवलेला चेंडू) परत आणण्याच्या सरासरीत तो देशात पहिला होता.

मी त्या वेळी स्टिलवॉटरला, त्याच ओक्लाहोमा स्टेटमध्ये, होतो. 1988 च्या ऑगस्टमध्ये केमिकल इंजिनिअरिंगला गेलो. गाव केवढं, तर आपल्या डोंबिवलीचा एक वॉर्ड म्हणा. बाहेर सपाट माळ, गाईगुरं, आणि शनिवारी दुपारी सगळं गाव नारिंगी कपड्यांत स्टेडियमच्या दिशेने चाललेलं. माझा रूममेट सांगलीचा, माझ्या आधी वर्षभर आलेला, म्हणून खेळातला जाणकार. मोसमाचा पहिला सामना ओहायोतल्या मायामी विद्यापीठाशी होता (फ्लोरिडातल्या नव्हे, आपल्या लेखात नुसतंच 'मायामी' छापलंय, वाचणाऱ्याला वाटणार भलतंच). रूममेट म्हणाला, सुरुवातीला नुसती लाथ मारून चेंडू उडवतात, बघण्यासारखं काही नसतं, आपण आधी खाण्याच्या रांगेत उभे राहू. राहिलो. हातात कागदी वाटीत नाचो आणि वर ते पिवळं पातळ चीज, आणि तेवढ्यात स्टेडियम असं काही ओरडलं की रांगेतला माणूस माझ्या अंगावर आला आणि चीज माझ्या शर्टावर. पहिलाच किकऑफ सँडर्सने झेलला होता आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, 100 यार्ड, नेऊन ठेवला होता. आधीच्या वर्षी टल्साविरुद्ध मोसमाच्या पहिल्याच किकऑफला त्याने हेच केलं होतं. म्हणजे माझा जाणकार रूममेट आधीच्या वर्षीही बहुधा खाण्याच्या रांगेतच असावा. आज तो ह्यूस्टनला मोठ्या पदावर आहे आणि फोनवर अजून सांगतो की 'आपण दोघांनी ते बघितलं'. आपण दोघांनी चीज बघितलं.

त्यानंतर मात्र मी घरचा सामना चुकवला नाही. लॅबमध्ये शनिवारचं काम लावणाऱ्या सरांशी त्यावरून माझं कायमचं बिनसलं आणि त्याची किंमत पुढे मी भरली, तो वेगळा विषय आहे.

दूरून पाहिलं तर सँडर्स मैदानावर दिसायचाच नाही. उंची पाच फूट आठ इंच. समोर अडवायला उभे असलेले धिप्पाड लोक, आणि आपल्या बाजूचेही तसेच, त्या गर्दीत 21 नंबर शोधावा लागे. क्वार्टरबॅक माइक गंडीने चेंडू हातात दिला की तो आधी जवळजवळ थांबायचा. हे मला सुरुवातीला कळायचं नाही, पळायचं सोडून हा उभा का राहतो? मग समोरचा झेपावायचा आणि याच्या जागी हवा असायची. दोन पावलं बाजूला, एक गिरकी, आणि तो पलीकडून निघालेला. अडवणारा गवतावर पडून मान वळवून बघतोय. टचडाउन झाल्यावर नाच नाही, उड्या नाहीत, आकाशाकडे बोट नाही. चेंडू जवळच्या पंचाच्या हातात द्यायचा आणि बाकाकडे चालत जायचं, वाचनालयात पुस्तक परत करून निघाल्यासारखं. आणि सामना हातात आला की प्रशिक्षक पॅट जोन्स त्याला बाहेर बसवत. आजच्यासारखं आकड्यांसाठी शेवटपर्यंत पळवलं असतं तर त्या विक्रमाच्या जवळपासही कोणी फिरकलं नसतं.

लेखात आणखी एक शोध आहे, की सँडर्सला 'प्रतिस्पर्धी फारसे तगडे नव्हते'. नेब्रास्का आणि ओक्लाहोमा (आमच्या ओक्लाहोमा स्टेटहून वेगळं विद्यापीठ) हे तेव्हाचे तगडे संघ नसतील तर मग कोण होते? त्या मोसमात आम्ही हरलो ते याच दोघांकडून. नेब्रास्काने 63-42 असं धुतलं, ओक्लाहोमाशी 31-28 असा घास तोंडाशी येऊन गेला. त्या दोन्ही हरलेल्या सामन्यांत सँडर्स थांबला नव्हता, आमचा बचाव थांबला होता.

आणि टोकियो तर लेखात नाहीच! मोसमाचा शेवटचा सामना टेक्सस टेक विद्यापीठाशी, जपानमध्ये. न्यूयॉर्कला शनिवारची संध्याकाळ, तिकडे रविवारची सकाळ. हाइझमन जाहीर झाला तेव्हा हा टोकियोत, सामन्याच्या तयारीत. रॉडनी पीट आणि ट्रॉय एकमनला मागे टाकून जिंकला, उपग्रहावरून चार शब्द बोलला, आणि जाऊन 44 वेळा चेंडू घेऊन 332 यार्ड पळाला. मार्कस अ‍ॅलनचा 1981 चा 2,342 यार्डांचा विक्रम तिथेच मोडला. तो मोडायला 47 यार्ड हवे होते, याने 332 काढले. सामना 45-42 ने आम्ही जिंकलो. हे लिहायला जागा नव्हती, पण जेंटीच्या उभं राहण्याच्या ढबीवर अख्खा परिच्छेद आहे.

विक्रमाचं या माणसाला स्वतःला किती होतं, तेही सांगतो. विद्यापीठावर एनसीएएचे निर्बंध आले आणि तो शेवटचं वर्ष न खेळता 1989 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्सकडे गेला. पहिल्याच मोसमाच्या अखेरच्या सामन्यात एनएफएलमध्ये सर्वाधिक यार्डांचा मान दहा यार्डांवर होता. सामना जिंकल्यात जमा होता. पुन्हा मैदानात जातोस का, असं विचारल्यावर हा गडी नको म्हणाला. मान गेला ख्रिश्चन ओकोयेला. अशा माणसाला ते 222 यार्ड मोजले गेले काय नि नाही काय, काही वाटत नसणार. मला वाटतं, कारण वर्गणी मी भरतो.

तेव्हा विनंती अशी की आपल्या प्रतिनिधींनी दोन ओळींचा खुलासा करावा. 11 सामने, बाउल वगळून, 14 सामने, बाउल धरून, एवढंच. खुलासा आपण नेहमी छापता तसा निविदांच्या खाली, भिंग लावून वाचायच्या टायपात छापला तरी चालेल. मी शोधीन.

जाता जाता, रविवारच्या शब्दकोड्याबद्दल. आडवे 14 ला चार चौकटी आहेत आणि सोमवारी छापलेलं उत्तर पाच अक्षरांचं आहे. सौ.चं म्हणणं की उभ्या 9 मध्येही घोळ आहे. ती पेनाने सोडवते, त्यामुळे घरात रविवारपासून वातावरण ठीक नाही. कोडं रचणाऱ्या गृहस्थांना कळवावं.

कळावे,
आपला जुना वर्गणीदार,
डोंबिवली (पूर्व)