जेल रोडवरच्या दादा, तुम्ही बाबांच्या हातातून फोन घेतला नाहीत

प्रिय दादा,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत नेणं मला बरं वाटत नाही. इंदूरच्या जेल रोडवर तुमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, इतकं लहान की गिऱ्हाइकाला बाहेर फुटपाथवरच उभं राहावं लागतं. एवढी ओळख पुरे. रामबागेतले जे काका शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांची मी मुलगी. पडद्यावरून तुम्ही मला 'ताई' म्हणालात, म्हणून मीही तुम्हाला दादाच म्हणते.

आम्ही सध्या पेरूत आहोत, कुस्कोला. तुमच्याकडे सकाळचे साडेसात झालेत, इथे अजून कालची रात्र आहे, नऊ वाजलेत. आत्ताच बाबांचा फोन येऊन गेला. त्यांनी स्वतः लावलेला. पोह्यांवर शेव घालता घालता बोलत होते, पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला संपलाय म्हणाले, शेजारच्या काकूंच्या नातीचा दहावीचा अभ्यास घेतोय म्हणाले. विशेष काहीच नव्हतं त्यात. फोन ठेवला आणि मला रडू आलं. नवरा म्हणाला, आता लिहूनच टाक त्या मुलाला. म्हणून लिहितेय.

नोकऱ्या सोडून आम्ही दोघं जग बघायला निघालो त्याला वर्ष उलटून गेलंय. आई नाही, त्यामुळे बाबा घरी एकटे. निघताना ज्याने त्याने आमच्याच टोकाची काळजी केली. ई-सिम घ्याल का, होस्टेलात वायफाय असतं का, भारतातला नंबर चालू ठेवा, नाहीतर बँकेचे ओटीपी यायचे नाहीत. या सगळ्याला उत्तरं मिळाली, कारण फिरणाऱ्याच्या दिमतीला आज सगळं जग उभं आहे. विमान उतरायच्या आत त्या देशाचं इंटरनेट फोनमध्ये घालून घेता येतं. पण बोलायला दोन टोकं लागतात, आणि दुसऱ्या टोकाला रामबागेतल्या जुन्या घरात पंचाहत्तरीचा माणूस एकटा असतो. त्याच्या बाजूने काही तुटलं तर ते जोडून देणारं काही कुठल्याच कंपनीने विकायला ठेवलेलं नाही.

जुलैत तिकडे पाऊस लागला आणि बाबांचा जुना फोन गेला. नवा घेतला, तर व्हॉट्सअ‍ॅप सुरू होईना. सिम, ओटीपी, पासवर्ड यांचं रामायण इथे सांगत बसत नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही तेव्हा बोलिव्हियात होतो. शेजारच्या काकूंना फोन केला की त्या सांगायच्या, "बाबा अगदी ठीक आहेत गं, तू काळजी करू नकोस." काकूंचे उपकार आहेतच. पण खुशाली कळणं वेगळं आणि माणसाशी बोलणं वेगळं, हे मला त्या दिवसांत कळलं. 'ठीक आहेत' या शब्दांत बाबांचा आवाज नव्हता. दाढी केली आहे का, रात्री झोप लागली होती का, बोलताना मध्येच थांबतात ते खोकल्यामुळे की आईच्या आठवणीने, हे दुसऱ्याच्या तोंडून कळत नाही.

याच दिवसांत बाबा एका मोठ्या कंपनीच्या शोरूममध्ये गेले. कंपनीचं नाव घेत नाही. एसी होता, टोकन होतं, गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं होती. बाबांनी टोकन घेतलं, नंबर येईपर्यंत बसून राहिले. काउंटरवरच्या मुलाने फोनकडे नीट पाहिलंही नाही. "अंकल, घर में कोई बच्चा नहीं है क्या?" बाबा म्हणाले, "बच्ची है, बोलिविया में है।" त्यावर उत्तर मिळालं, "तो जब आएँगी, तब उनको साथ ले आना।"

दादा, ज्याच्याशी हे बोलले तो माणूस आयुष्यभर पोरांना नकाशे वाचायला शिकवत आला. बोलिव्हिया कुठे आहे हे त्या शोरूममध्ये फक्त त्यांनाच ठाऊक असेल, अशी माझी खात्री आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची आणि आपलं इंदूर ७६ अंशांच्या जरासं अलीकडे, म्हणून आपल्या गावचा सूर्य घड्याळापेक्षा २६-२७ मिनिटं मागे चालतो, हे मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. जुने ज्योतिषी आपल्या शेजारच्या उज्जैनची रेषा धरून काळ मोजायचे, हे सांगताना अजूनही त्यांचे डोळे चमकतात. आम्ही कुठल्याही देशात पोहोचलो की तिथली वेळ फोनच्या आधी बाबा सांगतात. अशा माणसाला पोरकं करून दारातून परत पाठवलं. हेल्पलाइनवाल्यांनी तर जे अ‍ॅप उघडत नव्हतं, त्याच अ‍ॅपमध्ये जाऊन तक्रार नोंदवायला सांगितलं. हे लिहितानाही मला संताप येतोय आणि तो मी लपवणार नाही.

नात्यातली तरुण मंडळीही येऊन गेली. प्रेमानेच आली. पण प्रत्येकाचं एकच: "आणा इकडे, मी करून देतो." फोन हातातून काढून घ्यायचा, दोन्ही अंगठे भराभरा चालवायचे, "झालं बघा" म्हणून परत द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. बाबांना काय झालं तेही कळलेलं नाही आणि काय केलं तेही नाही. हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं. तक्रार केली नाही, वाट पाहायला लागले. त्यांच्या पिढीला वाट पाहता येते. माझी आत्या ऐंशीच्या दशकात कॅनडाला गेली तेव्हा ट्रंक कॉल बुक करून तासन्‌तास बसायचे, तीन मिनिटं ओरडून बोलायचे, एरवी निळ्या एअरोग्रामवर भागवायचे. मनाला त्याची सवय आहे. पण हाताशी असलेली गोष्ट आपल्याला जमत नाही म्हणून वाट पाहत बसणं त्या वाट पाहण्यासारखं नाही. त्यात माणूस खचतो.

आणि मग ते तुमच्या दुकानापाशी आले. खरं तर फोनवर काच बसवून घ्यायला आले होते.

तुम्ही त्यांना आतलं स्टूल बाहेर काढून दिलंत, बोलण्यावरून ओळखून त्यांच्याशी मराठीत बोललात. हे पुष्कळ लोक करतात, आपल्या इंदुरात तर करतातच. मला सांगायचंय ते पुढचं. बाबांनी सवयीने फोन तुमच्यापुढे धरला आणि तुम्ही तो घेतला नाहीत. "काका, तुम्हीच करा. मी बघतोय," म्हणालात. आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात.

का, ते बाबांनी मला नंतर सांगितलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "धंद्याची सवय आहे काका, माझा हात आपोआप फोनकडे जातो. म्हणून मागे धरून ठेवतो." दादा, हे वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल! स्पॅनिश बोलणाऱ्या होस्टेलवालीला सांगितलं, सोबतच्या कोरियन जोडप्याला सांगितलं. सगळे गप्प झाले ऐकून, कारण प्रत्येकाच्या घरी कुठेतरी असा एक बाबा आहे आणि त्याच्या हातातून कुणीतरी फोन ओढून घेतलेला आहे.

बाबांनी चुकीचं काही दाबलं की तुम्ही म्हणायचात, "मागे या, काही मोडत नाही." पुन्हा चुकलं, पुन्हा तेच. मागे एक जण घाई करत होता, "भिया, पहले मेरा ग्लास लगा दो," तर तुम्ही त्याला सांगितलंत, "काका का हो जाने दो।" आवाज न चढवता, बाबांना ओशाळं वाटू न देता. कमाईची वेळ होती, संध्याकाळचे सहा, जेल रोडवर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. त्या वेळात तुमच्या किती काचा बसल्या असत्या! बाबांनी पैसे विचारले तर फक्त काचेचे घेतलेत.

आता माझ्या बाजूचं सांगते, ते तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही उयुनीच्या मिठागरातून नुकतेच परतलो होतो. साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर, दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं, जगातलं सगळ्यात मोठं मिठाचं पठार. नजर जाईल तिथवर पांढरं. जुलै म्हणजे तिकडचा कडक हिवाळा, रात्री पारा शून्याच्या कितीतरी खाली. जीपमधून तिथे हिंडताना दिवसच्या दिवस नेटवर्क नसतं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि ते ज्याला दाखवावं असं वाटत होतं तो माणूस फोनवर मिळत नव्हता. सकाळचे साडेआठ वाजले होते, होस्टेलात कोकाच्या पानांचा चहा घेत बसले होते, आणि फोन वाजला. बाबांचं नाव.

पडद्यावर आधी त्यांचं कपाळ दिसलं. मग दुकानातला ट्यूबलाइट, लटकलेली कव्हरं, आणि मग बाबा पूर्ण दिसले, घामाघूम आणि इतके खूश की आई गेल्यापासून मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "मी लावला. मी स्वतः लावला," एवढंच म्हणत होते. त्यांच्या मागे तुम्ही उभे होतात. 'नमस्कार ताई' म्हणताना तुमचे हात क्षणभर पुढे येऊन जोडले गेले आणि पुन्हा मागे गेले. मी मिठागराचे फोटो दाखवले तर बाबांनी तुम्हालाही जवळ बोलावलं आणि तिथेच, फुटपाथवर, ते पठार कसं तयार झालं ते सांगायला लागले. जुनी सरोवरं आटली आणि मीठ उरलं. तुम्ही ते ऐकून घेतलंत. गिऱ्हाइकं उभी असताना एका निवृत्त मास्तरांचा तास ऐकून घेतलात.

त्यानंतर काय काय बदललं ते तुम्हाला कळायला हवं. आता आमचं लोकेशन मागून घेऊन बाबा भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीने खूण करतात. लांबच्या बसमध्ये असलो की मी लाइव्ह लोकेशन लावून देते, ते आठ तासांपर्यंत चालतं, तेवढा वेळ ते आमच्यासोबत अँडीज चढतात आणि उतरतात. कुठल्या देशात काय चालत नाही हे त्यांनी वहीत टिपून ठेवलंय. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉल लागत नाहीत, मेसेज जातात. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपच बंद असतं, म्हणून "तिकडे जायच्या आधी मला सांग, दुसरी सोय करू," असं आता ते मला सांगतात. रेंज कमी असली तर व्हॉइस मेसेज ठेवतात. त्यांचे ते मेसेज मी डोंगरातल्या बसथांब्यांवर बसून ऐकते, कधी कधी एकच दोनदा ऐकते. माझ्या मैत्रिणी रात्री सराफ्यात खायला गेल्या की मला फोन लावतात, त्यांच्या हातात भुट्ट्याचा कीस असतो आणि माझ्याकडे दुपार असते. परवा त्या फोनवर बाबाही होते. तिघीचौघींच्या गोंधळात सामील कसं व्हायचं तेही त्यांचं ते शिकलेत.

आणि नेहरू पार्कात सकाळी त्यांच्या वयाची मंडळी जमतात ना, तिथे बाबा आता इतरांना शिकवतात. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी टेक्सासला. बाबा हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "दाबा, काही मोडत नाही."

आपल्या शहराला २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिळत आलाय आणि बाहेरच्या लोकांना मी तो अभिमानाने सांगते. अहिल्याबाईंचं सांगते, त्यांनी केदारनाथपासून रामेश्वरपर्यंत अनोळखी वाटसरूंसाठी विहिरी, घाट, धर्मशाळा बांधल्या. आता त्यांच्या पाठोपाठ मी तुमचं सांगते. वाटसरूची सोय करणारे पूर्वीही होते, आजही भेटतात, आम्हाला दर देशात भेटले. मागे घरात राहिलेल्या माणसाची सोय करणारे तुम्ही मला पहिले भेटलात, आणि तीही त्याचा मान राखून. चांगुलपणाला फार मोठी जागा, फार पैसा किंवा गळ्यात ओळखपत्र लागतं असं मला आता वाटत नाही. घाई असलेल्या संध्याकाळी स्वतःचे हात आवरून उभं राहायला मोठं मन लागतं. ते तुमच्याकडे कुठून आलं, हे तुमच्या आईला विचारायचंय मला.

म्हणूनच सांगते, दिवाळीला आम्ही इंदुरात येतोय. एक दिवस घरी जेवायला या, आई-वडिलांना घेऊन या. पुरणपोळी करेन. दुकान कुठल्या दिवशी लवकर बंद करता येईल ते तुम्हीच ठरवा. बाबांकडे तुमचा नंबर आहे, पुढच्या आठवड्यात ते फोन करतील तेव्हा नाही म्हणू नका.

तुमची ताई,
रामबागेतल्या भूगोलवाल्या काकांची मुलगी