आधी तो ३० चा फ्यूज काढ

रविवार, रात्र

प्रिय मिल्या,

तुझं पत्र दुपारी मिळालं. चार पानांत तीन पानं घरची, एक पान गाडीचं, आणि त्या गाडीच्या पानावर शेवटी सहज लिहिलेली एक ओळ: "चाकात हवा भरायचा पंप डॅशबोर्डच्या सॉकेटला लावला, तर १५ अँपिअरचा फ्यूज तीनदा उडाला, वैतागून ३० चा ठोकला, तेव्हापासून उडालेला नाही." माझं घोडं तिथेच अडलंय. उडालेला नाही, हेच तर दुखणं आहे ना! हे पत्र बाजूला ठेव, गाडी बंद कर, तो हिरवा फ्यूज उपट आणि मग पुढचं वाच. मी थांबतो.

काढलास? आता त्या जागी काहीही घालू नकोस, १५ चासुद्धा नाही. त्याच फ्यूजवर बाहेरचे आरसे किंवा गाण्यांचा सेट असेल तर तेही बंद पडेल. पडू दे दोन दिवस.

तुझी समजूत अशी दिसते की १५ हा आकडा पंपासाठी आहे, पंप जोरकस आहे म्हणून फ्यूजही जोरकस हवा. तो आकडा वायरीसाठी असतो. फ्यूजपासून सॉकेटपर्यंत गेलेली वायर, तिच्या टोकाचा कनेक्टर, सॉकेटच्या आतल्या पत्र्या, हे सगळं १५ अँपिअर धरून केलेलं आहे. त्यापुढे गेलं की सगळ्यात आधी मरायचं कुणी, एवढंच ठरवण्यासाठी तो इवलासा निळा फ्यूज तिथे बसवतात. तू त्याला हलवून जास्त दमाचा आणून बसवलास. आता मरायची पाळी दुसऱ्या कुणावर तरी येणार. मला वाटतं, आलेलीच आहे.

आता तुझं पान मी तीनदा वाचून काय अंदाज बांधला ते सांगतो. फ्यूज किती वेळाने उडाला, हे तू नकळत लिहून ठेवलंस ते बरं केलंस. पहिल्या वेळी "दुसरं चाक भरत असताना", दुसऱ्या वेळी "पाचेक मिनिटांनी". शॉर्ट असता तर प्लग खुपसताक्षणीच उडाला असता. सॉकेटच्या तळाशी नाणं पडलं, किंवा एखाद्या स्वस्त चार्जरचं टोक स्प्रिंगसकट आत गळून पडलं, तर असंच होतं: किल्ली फिरवली की गेला. मिनिटं घेणारा फ्यूज वेगळी गोष्ट सांगत असतो. १५ चा फ्यूज १६ अँपिअरला लगेच वितळत नाही. थोडासाच जास्त करंट असेल तर तो बराच वेळ तग धरतो, तापत राहतो आणि मग जातो. म्हणजे तुझ्याकडे शॉर्ट नव्हता, ओझं जास्त होतं.

ते ओझं कशाचं, हेही तूच लिहिलं आहेस, दुसऱ्याच परिच्छेदात, सामानाच्या यादीत. मागच्या सॉकेटला गारव्याची पेटी लावलेली होती! पंप १२० वॅटचा धरला तर १२ व्होल्टला १० अँपिअर झाले. पेटी साधारण ५० ते ६० वॅट घेते, म्हणजे आणखी पाचेक. झाले १५. शिवाय मोटर सुरू होताना जो झटका घेते तो वेगळा, आणि पंपाला चाकातला दाब वाढेल तसा जोर जास्त लावावा लागतो. पुष्कळ गाड्यांत पुढचं आणि मागचं सॉकेट एकाच फ्यूजवर असतं. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो, नाहीतर गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बघ. तुझ्याही गाडीत तसंच निघेल, अशी माझी पैज.

मग ३० चा फ्यूज आला, सगळं मजेत चाललं, आणि तिसऱ्या दिवशी फ्यूज शाबूत असताना पुढचं सॉकेट मेलं. तू म्हणतोस, "काही कळत नाही." मला कळतंय असं वाटतं. तू लिहिलेलं नाहीस, पण आठवून बघ: त्या तीन दिवसांत प्लग बाहेर काढताना टोक चटका बसेल इतकं तापलेलं होतं का? गाडीत जळक्या प्लॅस्टिकचा वास?

याचं गणित सोपं आहे. कुठेही काँटॅक्ट जरा ढिला किंवा काळवंडलेला असेल, समज एक दशांश ओहम, तर १० अँपिअरला तिथे एक व्होल्ट खर्ची पडतो आणि १० वॅट उष्णता तयार होते. बोटभर जागेत. करंट दीडपट करून १५ वर ने, उष्णता सव्वादोनपट, म्हणजे साडेबावीस वॅट. कथील वितळवायचं छोटं सोल्डरिंग आयर्न साधारण तेवढ्याच ताकदीचं असतं. ते तू डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये कोंडून चालू ठेवलंस. तापला की काँटॅक्ट आणखी काळवंडतो, काळवंडला की आणखी तापतो. शेवटी पत्रीची पकड जाते आणि सगळं गार.

जाता जाता या सॉकेटबद्दल माझं जुनं रडगाणं ऐकून घे. हे भोक मुळात चार्जरसाठी, पंपासाठी केलेलंच नाही. ते सिगारेट पेटवायच्या गुंडीचं घर. गुंडी दाबायची, आतली तार काही सेकंदांत लाल होते, गुंडी टपकन बाहेर येते, काम संपलं. काही सेकंदांच्या कामासाठी केलेल्या २१ मिलिमीटरच्या भोकात आपण तासतासभर यंत्रं चालवतो. बरं, रचना तरी कशी? मधलं टोक धन, भोवतीची भिंत ऋण, आणि प्लगच्या टोकाची स्प्रिंग प्लगलाच बाहेर ढकलत असते! त्याला धरून ठेवायला बाजूच्या दोन मऊ पत्र्या, आणि गाडी खड्ड्यांतून उडतेय. इतकं वाईट कनेक्शन दुसरीकडे कुठे कुणी खपवून घेतलं नसतं. पण जगभरच्या गाड्यांत तेच आहे, म्हणून आपणही तेच वापरतो.

असो. आता तपासायचं कसं ते बघू.

सॉकेटवर आरोप ठेवण्याआधी पंप दुसऱ्या कुणाच्या गाडीत लावून बघ. पुष्कळ पंपांच्या आणि चार्जरच्या प्लगमध्येच, टोकाची टोपी फिरवून काढली की, एक काचेचा छोटा फ्यूज निघतो. माणसं डॅशबोर्ड उघडून बसतात आणि गेलेला असतो तो. आणखी एक, दुसरी गाडी म्हणजे ट्रक नको. त्यात बहुतेक २४ व्होल्ट असतात, पंप जायचा.

मग टॉर्च मारून सॉकेटच्या आत बघ. फक्त बघ, पेचकस घालून उकरू नकोस. भिंत काळी पडली आहे का, तळाचं प्लॅस्टिक फुगलंय का, मधली पत्री वाकडी झाली आहे का.

त्यानंतर व्होल्ट मोजायचा मीटर. डीसी २० व्होल्टवर ठेव, आणि लाल वायर मीटरच्या कुठल्या भोकात आहे ते दोनदा बघ. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली तर मीटर म्हणजे एक जाड तार होते, आणि सॉकेटला लावताक्षणी तूच शॉर्ट केलास असं होतं. मी हे एकदा केलं आहे, ठिणगी बघितली आहे, आणि घरच्यांना "काही नाही, काही नाही" असं सांगितलंही आहे. या तपासणीपुरता १५ चा फ्यूज बसव, किल्ली फिरव, कारण बऱ्याच सॉकेटना किल्लीशिवाय करंट येतच नाही. आधी फ्यूजच्याच डोक्यावर ज्या दोन उघड्या ठिपक्या असतात तिथे लाल टोक लाव, काळं टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला. दोन्हीकडे १२ च्या वर आलं तर फ्यूज चांगला आणि करंट इथवर पोचतोय. एकीकडेच आलं तर फ्यूज गेलेला, दिसायला कितीही धड असो. दोन्हीकडे काहीच नाही, तर गोष्ट मागची आहे, रिले (किल्लीच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा स्विच) किंवा किल्लीचं स्विच. तुझ्याकडे ते नसेल.

मग सॉकेटमध्ये: लाल टोक मधल्या पत्रीला, काळं भिंतीला. काही नाही आलं तर काळं टोक भिंतीवरून काढून गाडीच्या लोखंडाला लाव. आता आकडा आला, तर धन बाजू ठीक आहे, अर्थिंग, म्हणजे भिंतीची गाडीच्या लोखंडाशी असलेली जोड, तुटलंय. तरीही शून्यच, तर धनाची वायर किंवा कनेक्टर.

आणि समजा, दोन्ही ठीक दिसलं, साडेबारा व्होल्ट आले, तरी खुश होऊ नकोस. इथे माझी फजिती ऐक, मी तुला आजवर सांगितलेली नाही.

माझ्या जुन्या गाडीत हेच झालं होतं. मोबाइलचा चार्जर कधी चालायचा, कधी नाही. पंप लावला की तो नुसता हुंकार द्यायचा आणि गप्प. मी मीटर लावला: १२.४. पुन्हा लावला: १२.४. म्हटलं सॉकेट ठणठणीत, दोष पंपाचाच. पंप उघडला, त्याचे ब्रश साफ केले, परत बांधताना एक वॉशर उरला. तो अजून माझ्याकडे आहे. नवा पंप आणला. त्यानेही हुंकार दिला! दोन रविवार यात गेले. मग माळ्यावरचा एक जुना ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब सापडला, त्याला दोन तारा जोडल्या आणि सॉकेटला लावला. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लालसर. बल्ब जोडलेला असतानाच मीटर लावला, तर १२.४ वरून आकडा थेट दोनवर! बल्ब काढला की परत १२.४. मी वेड्यासारखा काढ-घाल करत बसलो होतो.

मीटर जवळपास करंट घेतच नाही ना. एका केसाएवढ्या धाग्याने जोडलेलं कनेक्शनही त्याला पूर्ण व्होल्ट दाखवतं. नळ बंद असताना पाइपात दाब पुरेपूर असतो, पाइप गाळाने भरलेला असला तरीही. नळ सोडल्यावर कळतं. मीटर खोटं बोलला नव्हता, मी त्याला प्रश्नच अर्धा विचारला होता. पुढे निघालं काय, तर माझ्याआधी गाडीत कुणीतरी गाण्यांचा सेट बसवताना अर्थचा स्क्रू काढून परत लावला होता, तो रंगावरच. लोखंडाला फक्त एक कड टेकत होती, आणि त्या कडेलाही गंज. पॉलिश पेपरने टिकलीएवढा रंग घासला, स्क्रू आवळला, पाच मिनिटांचं काम. गेलेले दोन रविवार कुणी परत देत नाही.

म्हणून तू बल्ब लावूनच मोज. साडेबाराचे बारा झाले तर चालेल. दहाच्या खाली गेले तर कुठेतरी गाळ आहे, आणि कुठे ते तसंच बल्ब चालू ठेवून एकेक टप्पा मोजत शोधता येतं. ज्या जोडावर व्होल्ट हरवतात तो चोर.

तुझ्याकडे मात्र मला खात्री वाटते ती सॉकेटमागच्या कनेक्टरची. तो बघायला सॉकेटच्या भोवतीचं पॅनेल काढावं लागेल. त्याआधी बॅटरीची ऋण वायर सोड आणि पाचदहा मिनिटं थांब. पॅनेल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचल, पेचकसने ओरखडे पडतात. आत पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर त्यांना हात लावू नकोस, ते एअरबॅगचं काम. सॉकेटच्या मागे दोन वायरी असतील, दिवा असेल तर तीन. कनेक्टर ओढून बघ. तपकिरी झालेला, कड वितळलेली, पत्री निळसर: असं असेल तर सॉकेट आणि कनेक्टर दोन्ही बदल, एकच नको. जुना ढिला कनेक्टर नव्या सॉकेटलाही महिन्याभरात खाईल. वायर बोटांत वाकवून बघ. टोकाचे दोन इंच कडक झाले असतील तर तेवढे कापून, तेवढ्याच जाडीची वायर जोडून नीट क्रिंप कर, म्हणजे धातूच्या नळीत दोन्ही टोकं घालून पक्कडीने दाब. पिळून टेप गुंडाळायचा नाही, आपण कॉलेजात टेपरेकॉर्डरला करायचो तसा. पण कडकपणा आत वायरींच्या जुडग्यापर्यंत गेलेला दिसला, किंवा शेजारच्या वायरींचं आवरणही चिकटलेलं असलं, तर तिथेच थांब आणि गाडी चांगल्या वायरमनला दाखव. त्याला ३० च्या फ्यूजचं खरं खरं सांग. लाजशील, न सांगता नुसतं "सॉकेट बंद आहे" म्हणशील, आणि तो बिचारा आतलं बघणारच नाही.

मग १५ चा निळा परत बसव. पंप लावायचा तेव्हा पेटी काढायची आणि इंजिन चालू ठेवायचं. त्याहून बरं म्हणजे थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप घे, वायरीत स्वतःचा फ्यूज असलेला.

जळका कनेक्टर निघाला तर टाकून देऊ नकोस. जपून ठेव, मी आलो की दाखव. मी तो वॉशर घेऊन येतो.

तुझा,
श्री