शेततळं की सात मजली इमारत?

संपादक महोदय,

मखमलाबाद शिवारातल्या आमच्या मळ्यात एक इमारत उभी आहे, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. ड्रोनच्या फोटोंवरून बांधकामं हुडकून केलेला नकाशा मोजणीवाल्यांनी दाखवला, त्यात आमच्या सिमेंटच्या खळ्यावर लाल चौकट! खळ्याला लागून उत्तरेला शेततळं आहे, आत काळा प्लास्टिकचा कागद. वरून पाहिलं तर सरळ कडांचा काळा चौकोन. संगणकाने तीच सावली धरली, आणि सावली आहे म्हणजे तिच्या दक्षिणेला भिंत असणारच, असा हिशेब केला.

युक्ती मुळात खोटी नाही. सिमेंटचा स्लॅब आणि सिमेंटचं अंगण वरून सारखंच दिसतं. उंच कोण, ते सावली सांगते. नातू म्हणतो, हुएर्टास आणि नेवातिया या संशोधकांनी 1988 मध्येच अमेरिकेत हे संगणकाकडून करून घेतलं होतं. मी स्वतः नकाशांच्या कामात होतो. हवाई फोटो आम्ही सावल्या आपल्याकडे येतील असाच धरायचो. उलटा धरला की खड्डा टेकाडासारखा दिसतो.

पण सावली नुसती बघायची नसते, मोजायची असते. ड्रोनवाली पोरं डिसेंबरच्या विशीनंतर, दुपारी साडेबाराला, आमच्याच ओट्यावर पाणी प्यायली. नाशिकचा अक्षांश 20 अंश. त्या दिवसांत माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून 46.5 अंशांवर; सावली पडते उत्तरेला. म्हणजे 10 मीटर उंचीची सावली साधारण 9.5 मीटर. आमचं तळं दक्षिणोत्तर 20 मीटर. मग इमारत झाली 21 मीटरची, सात मजली! एवढा गुणाकार कुणी केला असता तर चौकट तिथेच पुसली गेली असती.

कांद्याची चाळ मात्र चिंचेखाली आहे म्हणून सुटली. (हे लिहून मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, ठाऊक आहे.)

मागणी एवढीच, की अशा नकाशावर फोटोची तारीख आणि वेळ छापावी, म्हणजे ज्याला त्याला सावली ताडून बघता येईल. 20 मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला इथे सावली पायाखालीच जाते. तेव्हाच्या फोटोत गंगापूर रोडचे टॉवरही सापडायचे नाहीत. आणि चौकट पक्की करण्याआधी एक माणूस जागेवर पाठवावा. आमच्या इमारतीच्या गच्चीवर सध्या मका वाळत घातलाय, तेवढा तुडवू नये.

आपला,
नकाशाच्या कामातून निवृत्त झालेला एक शेतकरी
मखमलाबाद, नाशिक