तुर्भ्यात धावून आलेल्यांचे आभार

पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठीच्या शाळापूर्व तयारी मेळाव्याच्या आदल्या रात्री पाऊस मंडपात शिरला, अंकांची कार्डं भिजली. सकाळी कॉलेजची मुलं आणि शेजारच्या वस्तीतल्या काकू न बोलावता आल्या. कॉलेजच्या मुलांनी कार्डांऐवजी बाटल्यांची झाकणं गोळा केली: छोट्यांनी ती आधी रंगानुसार वेगळी करायची, मग एकेकावर बोट ठेवून मोजायची. बोट आणि आकडा जुळला नाही, तर मूल दहापर्यंत नुसतं घोकतं.

एका काकूंनी मेणखडूंचे मुद्दाम इंचभर तुकडे केले. आखूड तुकडा मुठीत धरताच येत नाही, अंगठा आणि तर्जनी आपोआप पुढे येतात. किती साधी युक्ती! रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन त्यांनी गोल काढून घेतले, त्याच्या आईलाही चार तुकडे पुडीत बांधून दिले. नाव न सांगताच गेलात सगळे. मनापासून आभार.