काटा दर्शनी भागात, वजन आतल्या खोलीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बँकेच्या जुन्या सोनकाट्यावरचा आपला कालचा लेख वाचला. काटा मोडीत न घालता शाखेत मांडून ठेवला, हे चांगलंच झालं. पण ‘आता तो फक्त शोभेपुरता’ हे वाक्य मनाला लागलं.

अशाच काट्यावर माझ्या आईच्या पाटल्या तोललेल्या मी पाहिल्या आहेत. मागासाठी सूत घ्यायला पैसे कमी पडले की पाटल्या बँकेत जायच्या. पंख्याचा वारा लागू नये म्हणून काटा काचेच्या पेटीत. बँकेचा सराफ चिमट्यानं वजनं ठेवायचा, मूठ फिरवून दांडी उचलायचा आणि काटा मधल्या रेघेवर थांबायची सगळे वाट बघायचे. मग वडील म्हणायचे, “आता पारडी बदला.” पाटल्या वजनांच्या जागी, वजनं पाटल्यांच्या जागी. दांडीच्या दोन बाजूंत फरक असेल तर तो तिथेच उघडा पडतो. सराफानं कधी कुरकुर केली नाही.

गेल्या महिन्यात एका बँकेत सुनेचं गंठण तारण ठेवायला गेलो. गंठण आत नेलं आणि थोड्या वेळानं कागद हातात आला. खडे, काळे मणी यांची घट धरून निव्वळ वजन लिहिलेलं. घट कशी धरली विचारलं तर म्हणे, “काका, मशीन चुकत नाही.” मशीनबद्दल माझी तक्रारच नाही. वजन-काटे तपासणाऱ्या सरकारी वैधमापन खात्याचं मुद्रांकन, म्हणजे शिक्का, झालेलं असलं की पुरे. पण जडवलेल्या खड्यांचं वजन मशीन वेगळं दाखवत नाही, ते माणूस अंदाजानं धरतो. तो अंदाज आमच्या माघारी का? पारख कर्जदाराच्या समोर व्हावी, वजावट त्याला समजावून सांगावी, असं रिझर्व्ह बँकेनं जून २०२५ च्या निर्देशांत स्पष्ट म्हटलं आहे. आपले वार्ताहर शाखेत गेलेच होते, तर आज तिथं सोनं कुठे तोलतात हेही त्यांनी बघायला हवं होतं.

आणखी एक. फोटोतल्या पितळी वजनांखाली ‘एक तोळा म्हणजे १० ग्रॅम’ छापलं आहे. ती वजनं जुन्या तोळ्याची. तो ११.६६ ग्रॅमचा; मासा आणि गुंज या सोनं तोलायच्या जुन्या लहान मापांत १२ माशांचा, ९६ गुंजांचा. घरोघरी आजीच्या दागिन्यांच्या याद्या त्याच तोळ्यात आहेत. वाटणीच्या वेळी कुणी दहानं गुणलं तर तोळ्यामागे दीड ग्रॅमहून जास्त सोनं हिशेबातून जाईल. कृपया दुरुस्ती छापावी, तीही पहिल्या पानावर.

आपला,
एक जुना वाचक, साखर पेठ, सोलापूर