सहा कमी पडले की ओ!

काका, सा. न.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कराडातलं रद्दीचं दुकान, बाहेर काटा, आत छतापर्यंत गाइडांचे गठ्ठे, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे. म्हणून हे असं उघडपणे लिहितोय. कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

घर रंगवायला काढलं तेव्हा मी गावाला होतो आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा जुन्या पेपरांबरोबर गेला. तुमच्याआधी मी तीन दुकानं पालथी घातली. एकाने मोबाइलमधून मान वर केली नाही. दुसरा म्हणाला, एकदा काट्यावर चढलं की ते आमचं. तिसऱ्याने नुसतं आत शोधू देण्याचे शंभर रुपये मागितले, घेतलेही, आणि दहा मिनिटांत दिवा बंद केला.

तुम्ही विचारलंत, "डब्यात होतं काय?" खरं सांगतो, लाज वाटली. बिस्किटांचे कागद, म्हटलं. तुम्ही हसला नाहीत.

१९९९ ची ती ब्रिटानियाची योजना, 'ब्रिटानिया खाओ, वर्ल्ड कप जाओ'. पुड्याच्या कागदावर रन छापलेले असायचे. शंभर रन जमले की दुकानात देऊन पुस्तिका घ्यायची, खरवडायची, नशीब असेल तर थेट इंग्लंड! बाबा एसटीत कंडक्टर होते. एवढी बिस्किटं आम्हाला कुठली परवडायला? ते स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये बाकाखाली पडलेले कागद उचलायचे, झटकायचे आणि तिकिटांच्या ट्रेखाली घडी करून ठेवायचे. रात्री चामड्याच्या बॅगेतून हिशेबाच्या आधी ते बाहेर यायचे. पहिले शंभर देऊन टाकले, पुस्तिकेत काही निघालं नाही. दुसऱ्या खेपेला ९४ झाले, तोवर भारत उपांत्य फेरीआधीच्या सुपर सिक्स फेरीतच आटोपला. सचिन, द्रविड, गांगुली तिघांची शतकं असूनही! आमचंही तिथेच थांबलं.

पुढे मला या असल्या वस्तूंचा नादच लागला. थम्स अपची फ्लिप बुकं (भराभर पानं उलटली की चित्र हलतं ती), बिग फन बबलगमची क्रिकेटपटूंची कार्डं, मिळेल ते जमवतो. या छंदात एक गंमत आहे, ज्याने बक्षीस घेतलं नाही त्याचीच वस्तू मागे उरते. तरी बाबांचे कागद एका जाणकाराला दाखवले तेव्हा त्याने हातात घेतले नाहीत. "न खरवडलेली पुस्तिका असेल तर बोला," म्हणाला.

तुम्ही गठ्ठ्यांच्या मागून डबा काढलात. कपाळावरचा चष्मा खाली घेतलात. बंडलाचं रबर विरघळून कागदांना चिकटलं होतं, ते तुम्ही ओढलं नाहीत, नखाने कडेकडेने सोडवलंत. मला वाटलं आता डबा हातात देणार. तर तुम्ही एकेक कागद उलटा करून मोजायलाच बसलात! गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणालात, "थांब जरा." शेवटचा कागद ठेवलात आणि म्हणालात, "चौऱ्याण्णव. सहा कमी पडले की ओ!"

काका, तुम्हाला खरंच वाईट वाटलं होतं. पंचवीस वर्षांनी त्या सहा रनांची हळहळ करणारं कोणीतरी भेटलं. बाबा असते तर तुमच्याशी चहावर तासभर बोलले असते. तिकिटामागे लिहून दिलेले सुटे पैसे विसरून प्रवासी उतरला, तर ते गाडी थांबवून त्याला हाक मारायचे. मागचे लोक कुरकुरायचे, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. अशी माणसं अजून आहेत, फक्त ती कोणत्या दुकानात बसतात ते आधी कळत नाही.

पैसे विचारले तर म्हणालात, "दोनशे ग्रॅमपण भरायचं नाही, काय घेऊ?" आणि वर सुतळीचा तुकडा दिलात. कागद त्याच सुतळीने बांधलेत. दिवाळीत कराडला येतोय, बाबांची बॅग घेऊन.

तुमचा,
डबेवाला