आमच्या रजिस्टरातली ‘छाट’: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटतं, याची आता सवय झाली आहे. ‘व्यवसाय’ या शब्दानं आमचा घातच केलाय. मागं दक्षिण सोलापूरकडचे एक काका दारावरची पाटी वाचून आत आले. म्हणाले, “मॅडम, पोरगं रिकामंच बसलंय, एखादा धंदा लावून द्या की त्याला.” चहा पाजून पाठवलं. पण नंतर वाटलं, काका फार चुकले नव्हते. आंघोळ, जेवण, भाकरी, शाळा, मजुरी ही रोजची कामं आजारपणानं माणसाच्या हातून निसटतात. ती परत त्याच्या हाती द्यायची, हाच तर आमचा धंदा.

पूर्व भागातल्या एक विडी कामगार बाई माझ्याकडं यायच्या. उजव्या अंगावरून वारं गेलेलं. लाकडी खुंट्या भोकांत बसवायचा एक बोर्ड आमच्याकडं असतो, तो मी त्यांच्यापुढं ठेवला. चार दिवस त्यांनी निमूट खुंट्या बसवल्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, “ताई, हे बारक्या पोरांचं हाय. माझं सूपच आणू का?” दुसऱ्या दिवशी पिशवीतून सूप, रात्रभर भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, दोरा असं सगळं बिऱ्हाड आलं. तंबाखू मी आणू दिली नाही, तिच्या जागी लाकडाचा भुसा भरला. (विडीचा धंदा चांगला की वाईट, हा वाद वेगळा. त्या बाईंच्या हाताला तीस वर्षं तेच काम ठाऊक होतं.) पान वळलं जायचं, दोऱ्याचे वेढेही बसायचे. अडायचं ते तोंड मुडपताना. त्याला नखाशी जो बारीक जोर लागतो, तोच गेला होता. त्या दिवशी सव्वा तासात तीन विड्या झाल्या. तिसरी त्यांनी उजेडाकडं धरून पाहिली आणि स्वतःच बाजूला टाकली. म्हणाल्या, “छाट.”

छाट म्हणजे तपासणीत नापास झालेली विडी. सोलापूरकरांना हे सांगायला नको, आपल्यासाठी लिहिलं.

त्या सव्वा तासाची रजिस्टरात नोंद झाली: रुग्णसंख्या एक.

तेव्हा मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात नोकरीला होते. दिवसाला सोळा रुग्ण, असं ठरवून दिलेलं. आठ तासांतून जेवणाचा अर्धा तास वजा केला तर एका माणसाच्या वाट्याला 28 मिनिटं येतात. त्यात त्याला खुर्चीवरून उठवून गादीवर घेणं आलं, नातेवाइकांशी बोलणं आलं आणि केसपेपर लिहिणंही आलं. महिन्याच्या बैठकीत पडद्यावर रंगीत खांब दाखवायचे, त्यात माझा खांब नेहमी बुटका. “मॅडम, जरा प्रॉडक्टिव्हिटी बघा.” हे मी त्या विडीवाल्या बाईंना हसत हसत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “म्हंजे तुमालाबी हजारी हाय म्हणा की!” विड्यांची मजुरी हजारावर ठरते. आमचं दुखणं त्यांना एका वाक्यात कळलं होतं.

फरक एवढाच, की त्यांच्या हजारीत निदान छाट तरी काढतात. वळलेली विडी नीट आहे का, हे कुणीतरी बघतं. आमच्या सोळात तेही कुणी बघत नव्हतं.

मग माणूस काय करतो? जे मी केलं तेच. चार जणांना ओळीनं मशीनवर घेतलं. करंट लावला की रुग्णही खूश, ‘काहीतरी केलं बुवा’ म्हणतात, आणि रजिस्टरही खूश. भाकरी थापायला शिकवायला मशीन लागत नाही, वेळ लागतो, म्हणून तेच सगळ्यात आधी मागं पडलं. केसपेपर संध्याकाळी सहानंतर लिहायचे. एका आजोबांच्या कागदावर मी सलग आठ दिवस आदल्या दिवशीचीच ओळ उतरवत गेले. नवव्या दिवशी शर्ट काढताना त्यांच्या लुळ्या हाताचा खांदा खाली ओघळलेला दिसला. तो पहिल्याच दिवशी मला दिसायला हवा होता. त्या आठ दिवसांत माझी रुग्णसंख्या मात्र रोज पुरती सोळा भरली होती. ही चूक माझी आहे, ती रुग्णालयावर ढकलत नाही. पण ती जिथं घडली त्या चौकटीबद्दल बोलल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

ओळखीचा प्रश्नही याच चौकटीतला. ज्याचं काम काय तेच माहीत नाही, त्याचं काम डोकी मोजूनच मोजलं जाणार. खरं तर ही विद्या या देशात आली ती महाराष्ट्रातच. 1950 साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. जन्मानं त्या अमेरिकन, संसार इथला. आमच्या माळशिरसला लागून असलेल्या फलटणमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे. आपल्या राज्यात 2002 च्या कायद्यानं व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषद आहे. आरोग्यसेवेतल्या व्यावसायिकांसाठीच्या केंद्राच्या 2021 च्या कायद्यात व्यवसायांचे दहा वर्ग आहेत, त्यात फिजिओथेरपी वेगळी आणि आम्ही वेगळे. कागदावर काहीही कमी नाही. तरी मी ज्या एका सरकारी जाहिरातीला अर्ज केला होता, तिच्यात ‘फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ असं लिहिलेलं होतं. त्या ‘किंवा’वर माझा राग आहे. हाडाचा डॉक्टर किंवा डोळ्यांचा डॉक्टर, अशी जाहिरात आपण काढाल का? फिजिओथेरपीच्या मित्रमैत्रिणींशी माझं भांडण नाही. रुग्णाला उभं करून चालतं करणारे तेच आहेत. पण चालत मोरीपर्यंत गेलेल्या बाईला एका हातानं लुगडं नेसता येत नसेल, तर पुढचं कुणी बघायचं?

एक घर सांगते. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची अंगणात उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते. मी टेप लावून पाहिली. खुर्ची 26 इंच, दार 24 इंच. मापाच्या वेळी या घरी कुणी आलंच नव्हतं. शेवटी गल्लीतल्या सुतारानं एका पाटाला चार चाकं ठोकून दिली आणि त्यावरून त्या गृहस्थांची मोरीपर्यंतची सोय झाली. या सगळ्यात अर्धा दिवस गेला. रजिस्टरात घरभेटीला रकानाच नव्हता, म्हणून माझी अर्धी रजा लागली. आता शहराबाहेर कुंभारीला रे नगर या कामगार वसाहतीत हजारो कुटुंबं राहायला गेली आहेत. तिथं जाऊन यायलाच किती वेळ लागतो ते आमच्या स्कूटीला विचारा.

तेव्हा मागणं असं. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत व्यवसायोपचार तज्ज्ञाचं पद स्वतंत्र ठेवा, मधला ‘किंवा’ काढून टाका. घरभेट हे कामच आहे, ते रजेत धरू नका. आणि रजिस्टरात रुग्णसंख्येच्या शेजारी एक रकाना वाढवा: ‘आज काय करता येऊ लागलं.’ त्यात आम्ही लिहू, ‘चमचा तोंडापर्यंत नेला.’ अक्कलकोटकडच्या एका पाच वर्षांच्या पोराच्या चमच्याला सायकलची ट्यूब गुंडाळून दांडा जाड केला, तेव्हा नेमकं एवढंच झालं होतं. त्याची आई मजुरी बुडवून एसटीनं त्याला घेऊन यायची. ‘एक’ या आकड्यात तिचं काहीच मावत नाही. पदांना पैसा लागेल हे मला कळतं. रकान्याला फक्त एक पट्टी आणि पेन लागतं, तेवढं तरी आधी करा.

विडीवाल्या बाईंचं राहिलं. पाचव्या आठवड्यात त्यांनी एक विडी वळून माझ्या टेबलावर ठेवली, भुशाचीच. मी उजेडाकडं धरून पाहिली. तोंड नीट मुडपलेलं होतं.

कळावे,

आपली,
एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, सोलापूर

ता. क. उत्तर पाठवलंत तर पाकिटावर ‘फिजिओथेरपिस्ट’ घालू नका. पोस्टमन ते शेजारच्या क्लिनिकमध्ये टाकतो.